ऐंशी टक्क्यांचे भाऊजी

आमच्या भाऊजींइतकी आपल्या गाडीची तब्येत जाणणारा माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर दुसरा सापडणार नाही, आणि त्यांच्याइतकी कमी गाडी चालवणाराही सापडणार नाही. ही गाडी विजेवर चालते, असे लाखनीतले लोक म्हणतात. माझ्या मते ती मोबाइलवर चालते. रस्त्यावर ती महिन्यातून चारदा दिसायची, भाऊजींच्या हातातल्या फोनवर मात्र दिवसभर धावत असायची. त्या फोनमध्ये गाडीचे ॲप आहे. बॅटरी किती टक्के भरली, किती तापली, तेवढ्यावर किती किलोमीटर जाता येईल, गाडी शेवटची कुठे गेली आणि तिथे किती वेळ उभी राहिली, हे सगळे त्यात दिसते. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने वडील निवृत्त झाल्यावर हट्टाने ही गाडी घ्यायला लावली. बाबा जरा हिंडतील-फिरतील, अशी तिची कल्पना. बाबा घरापुढच्या सपरीतल्या खुर्चीवर बसून हिंडू लागले.

भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, पाटबंधारे खात्यात होते. आयुष्यभर त्यांनी तलावांच्या पातळ्या मोजल्या आणि वहीत उतरवल्या. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांच्याकडून वही काढून घेतली आणि हातात नारळ दिला, तेव्हापासून मोजण्यासारखे काही उरले नव्हते. गाडी आली आणि त्यांना पुन्हा एक तलाव मिळाला. "बॅटरी म्हंजे तलावच हाये, मास्तर," ते मला समजावायचे. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे त्यांच्या लेखी मला समजावणे जास्त गरजेचे. "वीसच्या खाली आटू द्याचा नाही, ऐंशीच्या वर भरू द्याचा नाही. मंग पाहा कसा वर्सानुवर्स टिकते." हा नियम त्यांना इतका पटला, की तो त्यांनी स्वतःलाही लावला. पंगतीत कोणी आग्रहाने वाढायला आले, की ते ताटावर आडवा हात धरून म्हणत, "बस जी, ऐंशी झाले." यजमानाला वाटे, पाहुण्यांचा आकडा सांगताहेत.

सकाळी चहाच्या आधी ते टक्के मोठ्याने वाचत. रात्री अठ्ठ्याहत्तरवर ठेवलेली गाडी सकाळी सत्त्याहत्तरवर दिसली, तर तो एक टक्का गेला कुठे याचा तपास दुपारपर्यंत चाले. पहिला संशय बॉनेटवर झोपणाऱ्या शेजारच्या मांजरीवर. मग ते कंपनीला फोन लावत. पलीकडची मुलगी हिंदीत सांगे, "अंकलजी, एक परसेंट नॉर्मल है." भाऊजी म्हणत, "बेटा, तुम्हारे लिए नॉर्मल होगा. हमारे तालाब में एक इंच कम हुआ तो हम नहर पर जाकर देखते थे." पुढे पुढे ती मुलगी यांचा आवाज ऐकताच विचारू लागली, "अंकलजी, आज कितना गया?"

आमच्याकडे मे महिना म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. अशा एका दुपारी ताई बाजारातून घरी आली तर घरातला कूलर जागेवर नाही. तो शेडमध्ये, गाडीच्या नाकासमोर, भरभरून वारा सोडत होता. भाऊजी शेजारी घामाघूम होऊन फोनकडे पाहत उभे.

"बेचाळीस डिग्री दाखवून राहिलं वो!" ते काकुळतीला येऊन म्हणाले.

"अन् मी कोणत्या ॲपमंदी हाओ?" ताईने विचारले. कूलर संध्याकाळी परत आला, पण बॅटरी छत्तीस डिग्रीवर आल्यावरच.

त्या गाडीतून मी एकदा ताई-भाऊजींबरोबर आसगावला लग्नाला गेलो. निघायच्या आधी भाऊजींनी माझे वजन विचारले. एसी लावायचा नाही, कारण तो बॅटरी खातो. काचा उघडायच्या नाहीत, कारण मग वारा गाडीला अडवतो. चाळीसच्या वर वेग न्यायचा नाही, कारण ॲपमध्ये आलेख लाल होतो. आम्ही तिघे वाफेवर शिजत मंडपात पोचलो, तेव्हा वर-वधूच्या गळ्यात हार पडून गेले होते. नवरदेवाने भाऊजींच्या पाया पडून आशीर्वाद मागितला, तर ते हरखून म्हणाले, "पोचलो तरी एकाहत्तर हाये!" परतताना मंडळींनी प्रेमाने घरच्या तांदळाचा कट्टा, म्हणजे छोटे पोते, दिला. भाऊजींनी तो हाताने उचलून पाहिला, मनाशी काही हिशेब केला, आणि तो दुसऱ्या दिवशी एसटीने मागवून घेतला.

असा हा माणूस. म्हणून या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर भाचीचा फोन आला, तेव्हा आधी मला काही कळेचना. ती गाडी तिच्याच नावाने नोंदवलेली, त्यामुळे ॲप तिच्याही फोनमध्ये होते. एरवी ती बघत नसे.

"मामा, बाबा बरे आहेत ना?"

"ठणठणीत. काहून?"

"गाडी दर बुधवारी नागपूरला जाते आहे. चार बुधवार झाले. आणि उभी कुठे राहते ठाऊक आहे? कॅन्सरच्या दवाखान्यासमोर. तीन-तीन तास." ती एका दमात सांगत होती. "बाबांना विचारलं, तर म्हणतात सर्व्हिसिंगला नेतो. आईला विचारलं, तर ती म्हणते पवनीला पेन्शनरांच्या मीटिंगला जातात."

मी तसाच ताईकडे गेलो. ती ओट्याशी तांदूळ निवडत होती. मी आडवळणाने सुरुवात केली, पण तिने मान वर न करता मला थांबवले.

"मले समजते सारं. पेन्शनरच्या मीटिंगले कोणी मोसंब्या अन् उलटीसाठी पिशव्या घेऊन जाते का?"

"मग तू त्यांना विचारलं नाही?"

"नाही विचारत." तिची बोटे तांदळात थांबली. "विचारलं तर सांगून टाकतील."

पुढच्या बुधवारी मी शाळेतून रजा काढली आणि सकाळीच हायवेवर जाऊन उभा राहिलो. भाऊजींची गाडी दिसताच हात केला. त्यांनी थांबवली खरी, पण काच दोन बोटेच खाली केली.

"नागपूरला काम आहे," मी म्हणालो.

"जागा नाही."

गाडीत ते एकटेच होते. मी दार उघडून पुढच्या सीटवर बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि गाडी काढली. पाच-सहा किलोमीटरवर त्यांनी हायवे सोडला आणि एका तलावाच्या पाळीकडे, म्हणजे बांधाकडे, जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला लागले. मोहाच्या झाडाखाली दोन माणसे उभी होती. त्यांतल्या सोमाला मी ओळखत होतो. त्या तलावावर मासेमारी करणारा ढिवर, भाऊजींच्याच वयाचा. बरोबर त्याची बायको पार्वता, डोक्यावरून घट्ट पदर घेतलेली, इतकी वाळलेली, की दोघे मागे बसले तरी गाडीला ते कळले नसावे. मला पाहून ती दचकली.

"घरचाच माणूस हाये," भाऊजी म्हणाले. "तो बोलत नाही कोणापाशी."

मग त्यांनी एसी लावला. मी पाहतच राहिलो. हायवेला लागल्यावर गाडी ऐंशीच्या वेगाने निघाली, आणि खड्डा आला की अशी हळू होई, जशी डोक्यावर भरली घागर आहे. भंडाऱ्याचा पूल येईपर्यंत भाऊजींनी तीनदा आरशात पाहून विचारले, "थंडी तं नाही वाजत?" फोनकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही.

दवाखान्यात पार्वताबाईला सलाइन लावले आणि सोमा तिच्या उशाशी बसला. आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर.

"तिच्या पोरीचं लग्न जुळलं हाये वैशाखात," भाऊजी समोर पाहत म्हणाले. "पावण्याइले बिमारी समजली तर ते सोयरीक मोडतील, असं बसलं तिच्या डोक्यात. लग्न होऊन जाऊ दे, मंग पाहू, म्हणे. डॉक्टर म्हणते, तवापर्यंत उशीर होईल. बसनं याले तयार नाही. बसमंदी उलट्या होतेत, अन् स्टँडवर चार लोक इचारतेत, कुठं चालली म्हणून. मंग मी म्हटलं, मी नेतो. कोणालेच सांगत नाही. तुमच्या ताईलेबी नाही. तवा कुठं हो म्हटलं तिनं."

"पण भाऊजी, तुम्ही तर आसगावचा तांदळाचा कट्टा गाडीत घेतला नव्हता."

ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "तलावाच्या मधात पाणी मोजाचा खांब होता. पातळी पाह्याले सोमा मले डोंग्यात बसवून न्यायचा. पंधरा वर्सं नेलं. त्या लाकडाच्या डोंग्यात दोन माणसं म्हंजे पाणी काठाले लागते. एका दिवशीबी म्हटलं नाही त्यानं, का साहेब, वजन जास्त होऊन राहिलं म्हणून."

मी जाऊन तिघांसाठी चहा आणला.

त्या संध्याकाळी मी ताईला एवढेच सांगितले, की भाऊजी ठणठणीत आहेत, आजारी दुसरेच कोणी आहे, आणि ते कोण हे विचारू नकोस. तिने पदराने तोंड पुसले आणि ती म्हणाली, "एक महिना मी त्या माणसाले वरणात मीठबी कमी घालून राहिली." कोण ते तिने आजवर विचारले नाही. पण पुढच्या बुधवारी भाऊजींच्या पिशवीत एकाऐवजी तीन माणसांचा डबा होता, आणि एका डब्यात तिखट नसलेली पातळ खिचडी. भाऊजींनी तो डबा उघडून पाहिला आणि झाकण पुन्हा घट्ट लावले. भाचीलाही मी तेवढेच सांगितले. ती फोनवर रडली आणि मग माझ्यावरच रागावली.

खरी अडचण पुढेच होती. भाऊजींचा फोन म्हणजे गावाचे वर्तमानपत्र. पानठेल्यावर ते तो स्वतःच लोकांच्या हातात देत. त्या आठवड्यात ठेल्यावरच्या एकाने आलेख पाहता पाहता सहज विचारले, "काय भाऊ, दर बुधवारी नागपूर? अन् हा मधात तलावावर काहून थांबता?" ॲप कुणाचेही गुपित राखत नव्हते, भाऊजींनीच त्याला तसे शिकवले होते. ते तिथून घरी आले, गाडीत जाऊन बसले, आणि बरीच खटपट करून त्यांनी ती सेटिंग शोधून काढली, जिच्यामुळे गाडी ॲपला सगळे कळवत असते. त्यांनी ती बंद केली.

याचा अर्थ समजून घ्यायला भाऊजींना ओळखायला हवे. त्या दिवसापासून फोनवर ना टक्के, ना तापमान, ना आलेख. सकाळी ते सवयीने फोन काढत, कोऱ्या पडद्याकडे पाहत आणि परत खिशात ठेवत. पानठेल्यावर लोक विचारत, "आज किती?" ते म्हणत, "ॲप बिघडलं." ज्या माणसाने एका टक्क्यासाठी कंपनीला भंडावून सोडले होते, त्याने बिघडलेल्या ॲपसाठी एक फोन केला नाही, याचे कुणालाच नवल वाटले नाही. लोक हुशार असतात, पण इतकेही नसतात. बुधवारची गाडी मात्र एकदाही चुकली नाही.

वैशाखात लग्न झाले. पार्वताबाई डोक्यावरचा पदर सावरत मांडवात सगळ्यांना वाढत फिरली. महिनाभराने तिला राहवेना, तिने विहिणीजवळ सगळे सांगून टाकले. विहीण शांतपणे म्हणाली, "माह्या मोठ्या बहिणीले हेच झालं होतं. आता बकऱ्या चारते ते. सांगतलं असतं तर आमीच नेलं असतं ना, बापा." म्हणजे ज्या गुपितासाठी एवढा आटापिटा केला, त्याची कुणाला गरजच नव्हती. सोमाने भाऊजींना हे सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. "पण तिले होती ना गरज," एवढेच म्हणाले.

औषधे संपली. पार्वताबाई सावरते आहे. पुढच्या तपासण्यांना तिचा जावई नेतो. त्याच्याकडे प्रवासी जीप आहे. भाऊजी मोकळे झाले, पण बुधवारी सकाळी त्यांना घरात करमत नाही असे ताई सांगते. मी एकदा म्हणालो, चांगलेच झाले, तुमच्यामागची दगदग गेली. ते कुरकुरले, "डिझेलची हाये ना ती जीप. हादरे किती बसत असतील तिले."

ॲप आता पुन्हा सुरू आहे. परवा मी गेलो, तेव्हा साकोलीहून आलेल्या एका पाहुण्याला ते वर्षभराचा आलेख दाखवत होते. निळी रेघ वीस आणि ऐंशीच्या मधून शिस्तीत चालली होती, आणि मध्येच ती तुटून दोन महिन्यांची मोकळी जागा होती.

"इथं काय झालं?" पाहुण्याने विचारले.

"तवा गाडी बंद होती," भाऊजी म्हणाले.

पाहुणा हळहळला, विजेच्या गाड्यांचे असेच असते म्हणाला, आणि चहा पिऊन गेला. भाऊजींनी फोन ठेवला नाही. त्या मोकळ्या जागेवर त्यांनी बोट ठेवले.

"या दिवसांत लय चांगली चालली होती, मास्तर," ते म्हणाले.