समरकंदचं साडेबाराचं ऊन

दिगंबर वाळके गेल्याची बातमी मला आमच्या सहलीच्या ग्रुपवर मिळाली. सहल होऊन दीड वर्ष झालं, तरी ‘समरकंद स्वारी’ नावाचा तो ग्रुप कुणीही सोडलेला नाही. गुलाबाच्या फुलासकट आलेली सुप्रभात आणि गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात यांच्या मधोमध ती दोन ओळींची बातमी होती. पाच मिनिटांत खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. आदल्या संध्याकाळीच मी त्याला बघून आलो होतो, त्यामुळे ती तशी बातमी नव्हतीच... फक्त वेळ कळली. तिसऱ्या दिवशी डांगे चौकात फ्लेक्स लागला. त्यावर चौदा शोकाकुल चेहरे होते, बहुतेक हसरे. सगळ्यांत मोठा चेहरा होता एका भावी नगरसेवकाचा, आणि कोपऱ्यात उझबेकी टोपी घातलेला दिगंबर. फोटो सहलीतलाच होता. पाठीमागचं आकाश छापणाऱ्यानं जांभळं करून टाकलं होतं. दिगंबरनं तो फ्लेक्स दहा फुटांवरून नापास केला असता.

नापास करणं हा त्याचा धंदाच होता. चाकणच्या एका मोटारींच्या कंपनीत तो पेंट शॉपला इन्स्पेक्टर होता आणि मी प्लॅनिंगला. म्हणजे गाड्या वेळेवर बाहेर काढायची जबाबदारी माझी आणि त्या अडवायचा हक्क त्याचा. आमची ओळख भांडणातून झाली. एकदा त्यानं निळ्या रंगाचे चाळीस दरवाजे अडवून ठेवले. ट्यूबलाइटखाली ते गाडीच्या बॉडीशी बेमालूम जुळत होते. मी तसं म्हटल्यावर त्यानं एक दरवाजा उचलला, शेडबाहेर नेऊन भर दुपारच्या उन्हात गाडीला टेकवला आणि म्हणाला, “बघ आता. ट्यूबखाली सगळे निळे भाऊ भाऊ असत्यात राव. उन्हात आले की भांडत्यात.” खरंच भांडत होते. पुढे एका बड्या साहेबांच्या भेटीसाठी कंपनीचं फाटक रातोरात रंगवलं गेलं. हार, तुतारी, कुंकू सगळं झालं आणि साहेबांनी कौतुकानं विचारलं, “कसं वाटतंय?” दिगंबर म्हणाला, “डावं दार उजव्यापेक्षा पिवळट हाय.” त्या वर्षी त्याला बढती मिळाली नाही. त्याला आश्चर्य वाटलं ते बढतीचं नाही, ते दार साहेबांना दिसलं नाही याचं.

समरकंद त्याच्या आयुष्यात आलं ते एका कॅलेंडरमधून. रंग पुरवणाऱ्या कुणीतरी दिलेलं कॅलेंडर पेंट शॉपमध्ये टांगलेलं होतं. मे महिन्याच्या पानावर एक अरुंद गल्ली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना निळ्या टाइल्सनी मढवलेल्या कबरींच्या उंच कमानी. महिना संपल्यावर त्यानं ते पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मला पुस्तकं वाचायची खोड आहे हे त्याला माहीत होतं. “हे कुठं आलं? आन् हा निळा खरा न्हाई. छापताना मार खाल्लाय. खरा कसा असंल?” म्हणून त्यानं मला पिडलं. मग कंपनीच्या बसमध्ये, थेरगाव ते चाकण, मी त्याला त्या शहराबद्दल वाचून दाखवत असे. तैमूरनं शहरं लुटली, माणसं मारली आणि कारागीर तेवढे जिवंत ठेवून समरकंदला आणले, हे ऐकल्यावर त्यानं पुस्तक माझ्या हातातून घेऊन ते पान एकदा स्वतः बघितलं. मग म्हणाला, “म्हंजे आपल्यासारखीच भरती.” चाकणजवळची त्याची जमीन कारखान्यांच्या याच पट्ट्यात गेली होती आणि बदल्यात त्याला नोकरी मिळाली होती. याहून जास्त तो त्याबद्दल कधी बोलला नाही.

मुलींची लग्नं, फ्लॅट, आईचं आजारपण... ते पान वीस वर्षांहून जास्त काळ कपाटात राहिलं. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी एका सहल कंपनीत नाव घातलं. दिगंबरच्या पत्नी शैलावहिनी गुडघ्यांमुळे आल्या नाहीत. सदतीस माणसं, सोबत फरसाणाच्या सहा पिशव्या आणि ‘मंडळी!’ अशी आरोळी ठोकल्याशिवाय एक वाक्य न बोलणारा टूर मॅनेजर. रेगिस्तानच्या चौकात तीन भव्य मदरसे समोरासमोर उभे आहेत. त्यांच्यापुढे आमच्या लोकांनी फेटे बांधून फोटो काढले. मी पाहिलेल्या दिखाऊपणात समरकंदच्या राज्यकर्त्यांचा नंबर बराच वरचा लागेल, पण आमच्या मंडळींनी त्या दिवशी त्यांना झुंज दिली. दिगंबर मात्र भिंतीपासून हातभर अंतरावर उभा राहून पुटपुटत होता, “हे नवं हाय... हे बी नवं... हा टच-अप.” चांगलं निम्मंअधिक त्यानं नापास केलं. मी म्हटलं, “अरे, एवढ्या लांब येऊन तरी पास कर काहीतरी.” तो म्हणाला, “उद्या.”

उद्या म्हणजे शाह-ए-जिंदा. कॅलेंडरवरची गल्ली. पायऱ्या चढून गेलं की दोन्ही बाजूंना कबरी, आणि वाट इतकी अरुंद की हात पसरला तर दोन्हीकडच्या टाइल्सना लागेल असं वाटतं. तैमूरच्या घरातल्या एका बाईच्या कबरीपुढे दिगंबर थांबला तो थांबलाच. गडद निळा, मोरपंखी आणि पांढऱ्या तुकड्यांची ती कमान पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे, त्यामुळे सकाळी ती पूर्ण सावलीत होती. त्यानं आकाशाकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि समोरच्या ओट्यावर बसला. “साडेबाराला ऊन हितं येतंय,” म्हणाला. “मग तीनला आनखी येगळं दिसंल. सांजच्याला आनखी.”

मॅनेजरनं आरोळी ठोकली. “मंडळी! अकराला बस! आधी गालिच्यांचा कारखाना, मग जेवायला श्रीखंड-पुरी!” टाळ्या पडल्या. दिगंबर मला म्हणाला, “तू जा. म्या हितंच बसतो. सांजच्याला हाटेलात येतो.”

“शोभा करू नकोस,” मी म्हणालो. “भाषा येत नाही तुला. हरवलास तर वहिनींना काय सांगू?”

आमची गाइड दिलनोझा नावाची हिंदी बोलणारी मुलगी होती. तिनं ऐकलं आणि म्हणाली, “अंकल, रुकना है तो रुकिए. शाम को मैं टैक्सी भेज दूँगी.” दिगंबर तोंड उघडायच्या आत मी तिला उत्तर दिलं, “नहीं नहीं, ग्रुप के साथ ही ठीक है.” मग त्याच्याकडे वळून म्हणालो, “पुढच्या वर्षी येऊ ना. दोघंच. आठवडाभर बस इथं.”

“नक्की?”

“नक्की.”

खाली बसचा हॉर्न वाजला आणि तो उठला. माझ्या बोलण्यानं उठला असं मी स्वतःला अनेक रात्री सांगून पाहिलं आहे, उलट तो हॉर्नमुळे उठला असंही सांगून पाहिलं आहे. तीस वर्षं डांगे चौकात सकाळी सहाला कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की आम्ही चहाचा कप अर्धा ठेवून पळालो. बस चुकली की अर्धा दिवस गेला, हे आमच्या पायांना पाठ झालं होतं. मालक गेला, पगार थांबला, देश बदलला, तरी पाय ऐकेनात. पण खरं सांगायचं तर त्याचे पाय एकदा थांबायला तयार झाले होते. त्या गर्दीत हिशेबी शहाणपण फक्त माझ्याकडे होतं. गालिच्यांच्या कारखान्यात आम्हाला पावणेदोन तास बसवलं. कुणी काही घेतलं नाही. दिगंबर गालिच्यांच्या एका ढिगावर बसून होता. साडेबाराला त्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि कुणालाच उद्देशून नव्हे असं म्हणाला, “आलं असंल आता.”

परत आल्यावर थंडीत त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर त्याच संध्याकाळी फोन आला. “राव, इकडं ये. घोटाळा झालाय.” मी धावत गेलो. तो गॅलरीत उभा राहून एकदा हा डोळा झाकत होता, एकदा तो. “ह्या डोळ्यानं बादली निळी दिसती. ह्या डोळ्यानं मळकी. म्हंजे बघ, किती वर्षं म्या पिवळ्या काचंतनं बघत हुतो. समरकंदला जे बघितलं, तेबी खोटंच की.” मी हसत म्हटलं, “चाळीस दरवाजे उगाच अडवलेस मग.” तो हसला नाही. “तवा डोळं नवं हुतं,” म्हणाला. “आता दुसरा डोळा करून घेतो आन् मार्चात जाऊ. सहलीबरोबर न्हाई.” मी तिकिटांचे दर पाहायला लागलो. दुसऱ्या डोळ्याच्या आधी तपासण्या झाल्या, त्यात पोटाचं काहीतरी निघालं, आणि ते काहीतरी स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी फार आडपडदा ठेवला नाही.

त्या महिन्यांत मी दर रविवारी जात असे. प्रवासाचा विषय मीच काढायचो, भित्र्या माणसाच्या उत्साहानं. “बरा हो, मग जाऊ.” एकदा तो शांतपणे म्हणाला, “दोनदा नको बोलूस राव. एकदा बोललास तेवढं पुरं हाय.” त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, निदान मला त्याच्याशी भांडता आलं असतं. मृत्यूनंतर माणूस आठवणींत जिवंत राहतो वगैरे शोकसभेत एका वक्त्यानं सांगितलं. वक्त्यानं दिगंबरला कधी पाहिलेलं नव्हतं. माझ्या आठवणीत तो फक्त उठतो. ओट्यावरून, गुडघ्यावर हात टेकून, पुन्हा पुन्हा.

परवा मी थेरगावला दिगंबरच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. शैलावहिनींनी चहा ठेवला आणि गॅलरीत जाऊन प्लास्टिकची एक खुर्ची भिंतीपासून ओढून पुढे मांडली. मला वाटलं माझ्यासाठी. मी बसायला गेलो तर त्या चटकन म्हणाल्या, “तिथं नगं भावजी. हितं आत बसा.” मग ओशाळल्या. शेवटचे चार महिने तो रोज साडेबाराला तिथं बसायचा, असं त्यांनी सांगितलं. समोर सात मजली इमारतीची मागची बाजू आहे. तिच्यावर सांडपाण्याचे पाइप, एसीचे डबे आणि कधीकाळी निळसर असलेला रंग आहे. बरोबर साडेबाराला तिच्यावर ऊन येतं. “नव्या डोळ्यानं बगायचे,” वहिनी म्हणाल्या. “म्या इचारलं, काय हाय वो तिथं? तर म्हनायचे, काय न्हाई, बगून घेतोय. आता बारा वाजलं की माजा हात आपसूक जातोय खुर्चीला.”

मी चहा घेतला. समोरच्या भिंतीवर ऊन उतरायला लागलं होतं. वहिनी दारात उभ्या होत्या. पदरानं हात पुसत त्यांनी विचारलं, “भावजी, तुमी तर संगं हुता. त्या समरकंदाच्या भिंतीवर ऊन आल्यावर काय दिसतं वो?”

एवढी पुस्तकं वाचली आहेत मी त्या शहरावर. मी म्हटलं, “वहिनी, मला माहीत नाही. आम्ही तेव्हा गालिच्यांच्या कारखान्यात होतो.”