नळीतले ओरखडे

लढाईच्या दिवसांत नव्या रायफली सगळ्या सरहद्दीकडे गेल्या आणि आमच्या नगरच्या पोलीस लाइनीत जुन्या येऊन पडल्या. मागच्या महायुद्धात वापरलेल्या, दस्त्याचं लाकूड काळं पडलेलं, कुणाकुणाच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या. माझे वडील तिथे मिस्त्री होते. बंदुकांच्या खोलीला सगळे ‘कोत’ म्हणत. त्या कोताच्या मागच्या पडवीत बाबांचं टेबल होतं आणि पडवीपासून हाकेच्या अंतरावर आमची दोन खोल्यांची जागा.

मी इंग्रजी शाळेत शिकून नुकतीच घरी आले होते. लाइनीतल्या बायकांशी काय बोलावं ते मला सुचत नसे, म्हणून मी बाबांच्या पडवीत जाऊन बसे. त्यांना इंग्रजीतली फक्त सही येत होती आणि बंदुकीवर कोरलेले आकडे. सरकारने दिलेली एक चोपडी होती, रायफल कशी साफ करावी याची. ती मी वाचून मराठीत सांगायची आणि बाबा मान हलवायचे, कारण त्यातलं सगळं त्यांना आधीच ठाऊक असायचं.

सामान फारसं नव्हतंच. दस्त्याच्या टोकाला पितळी झाकण, त्याच्या आत तेलाची छोटी बाटली आणि गुंडाळलेली दोरी. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फास. या दोरीला शिपाई ‘फुलतरू’ म्हणत. फासात फ्लॅनेलची चिंदी अडकवायची, चार इंच लांब, दोन इंच रुंद. चिंद्या मी कापायची. बोल्ट, म्हणजे मागची सरकती खिट्टी, काढून वजन मागून नळीत सोडायचं, ते तोंडातून बाहेर आलं की दोरी हाताला गुंडाळून एका दमात ओढायची. मध्ये थांबायचं नाही, आणि दोरी तोंडाच्या कडेला घासू द्यायची नाही. गोळ्या झाडल्या असतील तर त्याआधी नरसाळ्याने नळीतून उकळतं पाणी ओतायचं. दारूबरोबर आत एक क्षार बसतो, तो तेलाने निघत नाही, पाण्यानेच निघतो. मग कोरड्या चिंद्या, चिंदी पांढरी बाहेर येईपर्यंत. मग तेलाची एक. लाकडाला जवसाचं तेल, तळहाताने चोळून.

“घासायचं नाही,” बाबा म्हणत. “नळी म्हणजे तांब्या नाही.”

दरवर्षी दसऱ्याला कोतात शस्त्रपूजा होई. रायफली पांढऱ्या चादरीवर मांडत, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, वर नारळ फोडून पाणी शिंपडत. बाबा चपला काढून बाजूला उभे राहत, पेढा घेत, आपट्याची पानं देत-घेत. आणि त्याच संध्याकाळी माळा उतरवून एकूण एक रायफल पुसत. आम्ही ख्रिस्ती, पण या कामात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. पूजा त्यांची, पुसणं बाबांचं. जुनी वहिवाट होती ती.

त्या वर्षी पूजा होताच, कोताची किल्ली ज्याच्याकडे असे त्या जमादाराने कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी आमच्या इंग्रज साहेबाची मडम पाहुण्यांना घेऊन आरास बघायला येणार होती. बाबा किल्ली मागायला गेले, तेव्हा मी चिंद्यांची पिशवी घेऊन मागे उभी होते.

“मिस्त्री, माळा उतरवल्याव मडमेला काय दाखवू, तुमचं तोंड?” जमादार म्हणाला. भोवतालचे शिपाई हसले.

मडम दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशी आली. तोवर ओल्या माळा, नारळाचं पाणी आणि कुंकू लोखंडावर तसंच होतं. कुलूप निघालं तेव्हा बोल्टवर, नळ्यांच्या तोंडांवर तांबूस गंज चढला होता. बाबा पोहोचायच्या आधीच जमादाराने शिपायांना कामाला लावलं होतं. बिल्ले-बक्कल चकाकवायची विटकरीची भुकटी त्यांनी चिंद्यांना लावली आणि बाहेरून, मग काठ्यांनी नळ्यांतही घासली. बाहेरून रायफली चकचकीत झाल्या. बाबांनी एक उचलून मागच्या बाजूला पांढरा कागद धरला, डोळा लावला आणि खाली ठेवली. मलाही बघायला दिली. आरशासारख्या नळीत बारीक बारीक ओरखडे होते.

पंधरा दिवसांनी साहेबाने तपासणी केली. त्यानेही कागद धरूनच पाहिलं. अकरा रायफली खराब निघाल्या आणि मिस्त्रीकडून दोन दिवसांत लेखी खुलासा मागवण्यात आला. समाधानकारक नसेल तर नोकरीवरून कमी. तसं झालं असतं तर जागाही गेली असती आणि बाबांची तेवीस वर्षंही.

जमादार त्या दुपारी आमच्याकडे आला. मी पडद्याआड चहा करत होते.

“लई जिवाला लावून घेऊ नका, मिस्त्री. हातून चूक झाली म्हून लिवून द्या. साहेब दोन शिव्या घालंल आन् इसरंल.”

“आणि नाही विसरला तर?”

“मी हाय की! मी सांगतो त्याला, मानूस जुना हाय, आता नजर गेली. पर माझं नाव त्यात घातलं, तर मग माझाबी विलाज न्हाई.” मग पडद्याकडे बघून, “लिवायला पोरगी हायेच घरात. मडमेवानी इंग्रजी बोलती म्हनं. आमच्याम्होरं तर तोंडबी उघडत न्हाई.”

मी चहा नेऊन ठेवला. तोंड उघडलं नाही. त्याने बशीत ओतून सगळा चहा प्यायला आणि साखर कमी आहे असं सांगून गेला. त्या बशीचा आवाज आजही आठवला तरी माझे कान तापतात. ज्याने नळ्या खरवडल्या, तो माझ्या बापाच्या नजरेची कीव करून गेला होता.

बाबांनी ट्रंकेवर कागद ठेवला. “लिही. माझ्या हातून चूक झाली. वय झालं. क्षमा असावी.”

“चूक तुमच्या हातून नाही झाली.”

“तुला विचारलं का? लिही.”

मी इंग्रजीत लिहिलं. पण दुसरंच. कुलूप कधी लागलं, कधी निघालं, विटकरीची भुकटी कुणाच्या सांगण्यावरून वापरली. शेवटी लिहिलं, नळीवरचं लाकडी कवच उतरवून पाहावं, तिथे पुसणाऱ्याचा हात पोहोचत नाही. कुंकू आणि विटकर दोन्ही अजून तिथे सापडतील. बाबा म्हणाले, “वाचून दाखव.” मी त्या कागदाकडे बघत त्यांनी सांगितलेलीच वाक्यं मराठीत म्हणून दाखवली. क्षमा असावी, हेसुद्धा. त्यांनी खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी साहेबाने बाबा आणि जमादार, दोघांनाही बोलावलं. खुलासा मोठ्याने वाचला, कारकुनाने तो मराठीत सांगितला. मग एका रायफलीचं कवच उतरवायला लावलं. लाकडाखाली लाल चिखल सुकून बसला होता, त्याला झेंडूची एक पाकळी चिकटलेली. बाबांची नोकरी राहिली. जमादाराची बदली अकोले तालुक्यात झाली, एवढीच. अकरा नळ्यांची शिक्षा इतकीच असते, हे मला तेव्हा कळलं.

बाबा घरी आले ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवणाआधीची प्रार्थना आईने केली. आईला त्यांनी सांगितलं, मला ऐकू येईल असं, “साहेबासमोर माझाच कागद मला परका. हो म्हणू की नाही म्हणू, कळेना. जमादाराने निदान तोंडावर सांगितलं होतं काय लिहायचं ते.”

मला राग आला. नोकरी वाचवली म्हणून कुणी आभार मानावे असं नव्हे, पण त्या माणसाच्या शेजारी मला बसवावं? मी माफी मागितली नाही. आठवडाभर चिंद्याही कापल्या नाहीत.

मग एका रविवारी, चर्चमधून आल्यावर, त्यांनी माझ्यापुढे पाटी ठेवली. “इंग्रजी वाचायला शिकव. यापुढे तुझ्या भरवशावर सही करायची नाही मला.”

सहा महिने रोज अर्धा तास आम्ही बसलो. ते कडक विद्यार्थी होते आणि मी मायाळू मास्तरीण नव्हते. अक्षरं झाली, शब्द झाले. तेव्हा ते म्हणाले, “तो खुलासा काढ.” कच्चा मसुदा माझ्याकडे होता. त्यांनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. चार दिवस लागले. जमादार, कुलूप, विटकर. सगळं वाचून झाल्यावर ते पहिल्या ओळीकडे परत गेले.

“हा शब्द काय?”

“हंबली. म्हणजे नम्रपणे.”

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि तो शब्द खोडला. “हे कशाला घातलंस?”