होडीच्या चित्राची पुडी

तपासाच्या नावाखाली मी अकरा आजारी माणसांची औषधं जप्त केली आणि त्यांवर लाखेचं सील मारलं. वरून दबाव नव्हता. सगळं स्वतःच्या अकलेने केलं. नोकरीतल्या बऱ्याच भानगडी आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, ही मात्र वारानिशी आठवते, आणि आठवली की राग येतो.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात फौजदार. किनाऱ्यावर चोरीचं सोनं उतरतं अशी तेव्हा हवा होती, आणि ते आपल्याच हाती लागणार असं प्रत्येक फौजदाराला वाटे. मलाही.

बंदराजवळच्या मिठाच्या जुन्या गुदामात बेघरांचा निवारा होता. देवळाच्या पायऱ्यांवरून, एस्टी स्टँडवरून आणलेली माणसं. त्यातली अकरा मनाने आजारी. इस्पितळाचं नाव काढलं की ती पळून जात, म्हणून डॉक्टरच त्यांच्याकडे येत. महिन्यातून एकदा आंबोली घाट उतरून एस्टीने यायचे आणि मासळीच्या खोक्यावर बसून एकेकाला तपासायचे. दर रविवारी एक निवृत्त नर्सबाई गोळ्यांच्या पुड्या वाटत. निवारा ठाण्यापासून पाच मिनिटांवर, पण मी आत कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्यामुळे यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

खबर आणली सुक्या मासळीच्या एका व्यापाऱ्याने. "सायबानू, दर आयतवारी थंय पुड्यो वाटतत. घेतल्यार माणूस गुंगता. पुडीर खुणो पण आसत."

खबर देणाऱ्याचा हेतू आधी बघावा, हे मी नव्या शिपायांना शिकवत असे. या गृहस्थाला ते गुदाम हवं होतं, ही गोष्ट बंदरावरच्या चहावाल्यालाही माहीत होती. मी विचारलंच नाही.

रविवारी छापा घातला. पंच म्हणून एक न्हावी आणि एक सोडावॉटरवाला. पुड्यांवर खरोखरच चित्रं होती: मासा, नारळ, छत्री, होडी. पंचनाम्यात मी 'सांकेतिक चिन्हे' असं लिहिलं. अक्षरही छान आलं होतं.

बाईंना ठाण्यात आणून बसवलं. साठीच्या, चष्मा दोऱ्याने बांधलेला.

"होडी कुठे लागते?" मी टेबलावर हात आपटला.

"खिडकीजवळच्या खाटेवर. तिथे तो जाळी विणणारा असतो, त्याची पुडी ती. त्यांना वाचता येत नाही, म्हणून चित्रं काढते."

"आणि मासा कोण?"

"एक म्हातारी. मासे आवडतात तिला."

हवालदार खिडकीबाहेर बघून हसत होता. मी आवाज चढवला. तेव्हा बाई ऑफिसची मराठी सोडून मालवणीवर आल्या. "फौजदारानू, तो होडीवालो चार वर्सांनी माणसात इलो हा. हो शुक्रवार सोडून फुडच्या शुक्रवारी तेची बायल तेका घराक न्हेवक येतली. गोळी बंद झाली तर तो तिका वळखूचो नाय. डॉक्टराक फोन लावा नि इचारा."

"सरकारी फोन ट्रंक कॉल करायला नसतो," असं मी खरोखर म्हणालो. जबाबात शुक्रवार लिहून घेतला, खाली सही घेतली, बाईंना सोडलं आणि गोळ्या रासायनिक विश्लेषकाकडे पाठवायच्या म्हणून मुद्देमालाच्या कपाटात ठेवल्या. बाई रोज सकाळी येऊन विचारत. मी रोज त्यांना बाकावर बसवून ठेवी.

नवव्या दिवशी हवालदार सांगत आला, "जाळीवालो झोपना नाय. इणलेला जाळा दातांनी फाडल्यान." माझ्याकडे न बघता पुढे म्हणाला, "गोळ्यो खंय आसत ता तुमका म्हायतच आसा."

तेव्हा ट्रंक कॉल लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हृदयाच्या रोग्याचं औषधही तुम्ही असंच सील करता का?" मी नियम सांगू लागलो. सील तोडायला मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागणार होता, आणि मॅजिस्ट्रेट रजेवर. शेवटी डॉक्टरांनी नवं औषध एस्टीच्या ड्रायव्हरकडे दिलं. गुरुवारी कट्टा गावच्या स्टॉपवर उभा राहून मी ते पुडकं उतरवून घेतलं आणि पराक्रम केल्यासारखा निवाऱ्यात शिरलो.

"गोळी म्हणजे दिव्याचं बटण नव्हे," बाई म्हणाल्या. "महिना तरी जाईल."

शुक्रवारी कणकवलीच्या गाडीतून त्याची बायको उतरली. पिशवीत नवऱ्याचा धुतलेला सदरा. तिला बघताच तो खाटेखाली शिरला. "ही माझी बायल न्हय, हिका कोणीतरी पाठवल्यान हा," असं ओरडत राहिला. तिने सदरा खाटेवर ठेवला आणि दुपारच्या गाडीने परत गेली. मी युनिफॉर्म घालून दारात उभा होतो.

व्यापाऱ्यावर खोट्या खबरीचा गुन्हा दाखल करायला मी वरिष्ठांकडे गेलो. "माका तसा वाटला," एवढं बोलून तो सुटला. मला साधी समजही मिळाली नाही. व्यापाऱ्यापेक्षा याचाच मला जास्त संताप आहे. वेड्या माणसासाठी आमच्याकडे एकच वाट होती: उचला, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करा, मोठ्या इस्पितळात धाडा. माणूस जिथे निजतो तिथेच त्याच्यावर उपचार करता येतात, हे आमच्या कुठल्याच फॉर्मात बसत नव्हतं. आणि फॉर्मात न बसणारं काही दिसलं की आम्हाला गुन्ह्याचा वास येई. ज्या कामाला शासनाने हात जोडायला हवे होते, त्याचा मी पंचनामा केला.

आठ महिन्यांनी जाळीवाला पुन्हा सावरला. बायको न्यायला आली त्या दिवशी मीही गेलो, साध्या कपड्यांत. वाक्य पाठ करून गेलो होतो. "वहिनी, तेव्हा माझ्याकडून मोठी चूक झाली. माफी मागायला आलोय."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"माफी घेवन मी काय करू? ती ट्रंक उचला, एस्टी सुटात. तेवढा तरी तुमका जमात."