खिळ्यावरचा बिल्ला

माझ्या शेजारणीला मी भागूबाई म्हणते. 'भित्री भागूबाई' हे हिला बघूनच कुणाला तरी सुचलं असणार. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करते. नवरा कमरेने अधू, घर हिच्याच पगारावर.

कारखान्यात दाराशी खिळ्याला एक लाकडी बिल्ला असायचा. संडासला जाणारीने तो गळ्यात घालायचा, आल्यावर परत टांगायचा. बिल्ला एक, बाया हॉलभर. म्हणून बाया पाणीच प्यायच्या नाहीत. त्याला तक्रार कुणी म्हणत नव्हतं. उन्हाळ्याची कोण तक्रार करतं?

परवा संध्याकाळी भागूबाई माझ्या दारात, पांढरीफटक. ओढणीखाली तो बिल्ला!

"वहिनी, मेले मी! गळ्यात तसाच घरी आला."

"अगं, लोक दागिने चोरतात. तू संडासचा परवाना चोरलास?"

ती हसली नाही. "काढून टाकतील हो. यांचं औषध कुठून आणू?" मग मलाही हसू येईना.

काल बिल्ला पिशवीत घेऊन गेली. सुपरवायझर दारातच उभा, टांगायची हिंमत होईना. खिळा रिकामा, म्हणून दुपारपर्यंत बाया बिल्ल्याशिवायच जाऊन येत होत्या. शर्ट तेवढेच निघत होते. शेवटी 'बिल्ला कुठाय?' म्हणून सुपरवायझर ओरडला, तेव्हा हिने तो त्याच्या टेबलावर ठेवला.

त्याने तो खिळ्याला अडकवला. "आता पहिल्यासारखं."

कॉलर शिवणारी मान वर न करता म्हणाली, "सकाळपासून नव्हता, काय अडलं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आणि विचारून जायचंच का?"

मशीनी थांबल्या. मागणी म्हणजे मोर्चा, फलक, घसा फोडणारा पुढारी, असं मला वाटायचं. इथे तर कुणी काही ठरवलंच नव्हतं.

"हे कुणी शिकवलं?" सुपरवायझरने भागूबाईकडे पाहिलं. "बिल्ला पळवणारी तूच ना?"

भीतीने हिला नेमकी तेव्हाच लागली. हात सवयीने खिळ्याकडे गेला, सगळ्या बघत होत्या, हात मागे आला. तशीच गेली.

ही परतल्यावर तो एवढंच म्हणाला, "तुझं काय करायचं ते उद्या मालक सांगतील."

"मला पुढारी समजतायत हो, वहिनी!" काल संध्याकाळी रडत सांगत होती.

आज सकाळी निघाली तेव्हा तिच्या हातात पाण्याची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. टोपण काही केल्या लागेना, अर्धं पाणी माझ्या पायरीवर सांडलं.

मी बाटली आत नेली, पुन्हा भरून दिली.