गावितबाईंच्या वर्गातली राष्ट्रपतींची निवडणूक

गावितबाई राष्ट्रपतींची निवडणूक शिकवायच्या तेव्हा बहुतेक मुलांना वर्गाबाहेर काढायच्या. आधी प्रत्येक रांगेने आपला एक प्रतिनिधी निवडायचा. मग दार लावून फक्त ते प्रतिनिधी पसंतीचे क्रमांक लिहून मत देणार. बाकीचे आम्ही ओट्यावर.

"बाई, आमाला तं कोणी इचारलंच नाय," एकदा मी दाराबाहेरून म्हणालो.

"ज्याला आत पाठवलंस, त्याच्या तोंडात तुझा शब्द आहे. तो विसरला तर जाऊन विचार त्याला. घाबरायचं नाही."

आमच्या डोंगरातल्या त्या आश्रमशाळेत बाई तासिकेवर होत्या. शिकवतील तेवढ्या तासांचं मानधन, सुट्टीत काहीच नाही. कायम होण्याची वाट बघत त्यांचं तरुणपण सरलं. आमच्या घरात शिकलेला मी पहिला. आज नाशिकला इंदिरानगरात राहून नोकरी करतो, ती त्यांनी हट्टाने कॉलेजात घातलं म्हणून.

गेल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीच्या सुमारास बातमी आली, की तासिकेवरच्यांना काढून ठेकेदाराची माणसं घेणार. बाई आमदारांकडे गेल्या. "मतदानाला मुंबईला निघालोय, आलो की बघू," ते म्हणाले. बाईंनी मला आनंदाने फोन केला. "आपला माणूस राष्ट्रपती निवडायला चाललाय रे. त्याच्या हातून आपलं एवढंसं काम अडेल का?"

निकालाच्या दिवशी त्यांनी वर्गात गूळ-शेंगदाणे वाटले. मग मी गावाकडे आलो आणि आम्ही दोघं आमदारांकडे गेलो.

"बाई, हा वरचा निर्णय आहे."

"साहेब, वरच्यांना तुम्हीच तर मत देऊन बसवता."

खोलीतली माणसं हसली. "बाईंनी इथंही तास घेतला," कोणीतरी म्हणालं. आमदारही हसले आणि त्यांनी चहा सांगितला.

परतताना बाई म्हणाल्या, "पोरांना दार लावून शिकवलं मी. आत काय चालतं ते मलाच कुठं ठाऊक होतं."

महिन्याभरात त्यांच्या जागी दुसरा माणूस आला.

द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत त्या मला नाशिकच्या नाक्यावर दिसल्या, मजुरांच्या जीपजवळ. "बाई, घरी चला," मी म्हणालो.

"तुझ्याकडे किती दिवस बसून खाऊ, बाळा?"

जीपमध्ये आमच्या शाळेतल्या दोन मुली होत्या, शाळा सोडून मजुरीला निघालेल्या. एरवी अशा पोरींना बाई हाताला धरून जीपमधून उतरवायच्या आणि वर्गात आणून बसवायच्या.

"बाई, हितं या, कडेला. वारा लागतो," त्यातली एक सरकत म्हणाली.

बाई तिच्याशेजारी बसल्या.