श्रावणनं लिहिलेल्या ओळी

नागपूरच्या एका सरकारी कचेरीत १९७१ साली कॉम्प्युटर आला, तेव्हा प्रेमिला खोब्रागडे त्याला माहिती पुरवणाऱ्या कार्डांना भोकं पाडायच्या कामावर लागली. तिथला प्रोग्रामर श्रावण, उमरेडच्या विणकराचा मुलगा. वीजकेंद्राच्या गोदामात कुठला सुटा भाग शिल्लक आहे, हे सांगणारा प्रोग्राम त्यानं लिहिला, आणि लिहिता लिहिता तिलाही शिकवलं.

लग्नाचं त्यानं एकदाच विचारलं. तिचे वडील देवाजी अंथरुणाला खिळलेले, बहिणी शिकत होत्या.

"थोडं थांब न गा," ती म्हणाली.

तो थांबला. मग मुंबईची नोकरी आली. निघताना एवढंच म्हणाला, "प्रोग्राम सांभाळशील ना वं?"

तिनं सांभाळला. गोदामं वाढली, नियम बदलले, मशीनसुद्धा बदललं. पण त्याच्या ओळींना ती हात लावत नसे. नवं ते बाजूला जोडी. त्या ओळी वाचताना तो शेजारी बसून बोलतोय असं वाटे. हळूहळू गुंता इतका झाला, की एकीकडे बदल केला की दुसरीकडे बिघडे. एकदा तर मोडीत काढलेल्या यंत्रांचे पट्टेच पुन्हा मागवले गेले.

"नवा लिहून काढा," साहेब म्हणाले.

"चालतोय ना, साहेब," म्हणून तिनं टाळलं.

१९८४च्या हिवाळ्यात भाच्याच्या लग्नाला आलेला श्रावण कचेरीत डोकावला. केस पिकलेले, बायको-मुलं उमरेडला लग्नघरी. प्रेमिलानं हौसेनं प्रोग्रामचे छापील कागद त्याच्यापुढे उलगडले. वाचता वाचता तो हसायला लागला.

"अवं, हे अजून तसंच? काहून?"

"तूच म्हणला होता, सांभाळ म्हणून."

त्याचं हसू थांबलं. कागदांची घडी घालत तो म्हणाला, "हे मी घाईत लिहिलं होतं, प्रेमिला. तवाच धड नव्हतं. मोडून टाक."

चहा न घेताच तो निघाला. ती जिन्यापर्यंत गेली, पुढे गेली नाही.

उन्हाळाभर तिनं नवा प्रोग्राम लिहिला. श्रावणची एकेक ओळ कशासाठी होती ते आधी समजून घ्यावं लागे, आणि समजली की सोडून द्यावी लागे. काही महिने दोन्ही प्रोग्राम बरोबरीनं चालवून तिनं उत्तरं ताडून पाहिली. मग एका दुपारी जुना बंद करायला तिनंच सांगितलं.

नवा छान चालला. नव्यानं लागलेल्या भागीरथाला तो आठवडाभरात कळलासुद्धा. प्रेमिला मात्र पुढे कितीतरी दिवस काम संपलं तरी जागेवर बसून राही. वाचायला काही उरलं नव्हतं.