खालचं पाहा, भाऊ

बर्फातलं मला कळतं तेवढं कुणाला कळत नाही. फक्त तो फ्रीजरमधला पाहिजे.

मी सातवी नापास. स्कॉटलंडात डोंगराखालच्या एका हॉस्टेलमध्ये कुक होतो. एडिनबराहून एक मॅडम हिवाळाभर तिथं राहायला यायच्या. नागपूरच्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. रोज फावडं घेऊन वर जायच्या, बर्फात कमरेएवढा खड्डा खणून थर तपासायच्या. डोंगरावरचा बर्फ कोसळेल का, ते बघायला.

जेवतानाही तेच. भाताच्या पातेल्यात चमचा उभा खुपसायचा, थेट तळापर्यंत. "वरचं नाही, भाऊ, खालचं पाहा." वरचा भात मी छान मोकळा करून ठेवलेला असायचा. खालचा करपलेला निघायचा. तुम्ही म्हणाल, बाकीच्यांना कळत नव्हतं? गोरे बिचारे "स्मोकी फ्लेवर" म्हणून खायचे.

एकदा दोन दिवस नुसता वारा सुटला. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन. मॅडम डबा विसरून गेल्या. म्हटलं नेऊन देऊ, शाबासकी मिळेल. वाऱ्याच्या आडोशाला बर्फ असा टणक की पाय रुतेना. वाटलं, वा, सिमेंट! मॅडम खाली खड्ड्यात, मी बरोब्बर त्यांच्या वरच्या अंगाला.

पायाखाली धप्प झालं. माझ्या बुटापासून एक चीर सरसर पळत गेली.

"भाऊ, हलू नका!" मॅडम खड्ड्यातून निघून बाजूला पळाल्या. मग ओरडल्या, "आता मागे जा. आलात त्याच पावलांवर!"

गेलो. डबा छातीशी धरून, जसा काही तोच वाचवणार होता.

नंतर त्यांनी मला खड्डा दाखवला. वर वाऱ्यानं थापून बसवलेली जाड लादी. खाली साखरेसारखे सुटे दाणे, कुणी कुणाला धरलेलं नाही. "ही लादी, खाली हे दाणे. वर फक्त माणूस चढायचा राहिला होता. तो तुम्ही आणला."

"पण पडलं कुठं काय?"

"इथं उतार कमी आहे म्हणून. अजून तिरका असता तर मी खाली, लादी माझ्यावर, अन् लादीवर तुम्ही. डब्यासकट."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. डबा उघडून त्यांनी चमचा थेट तळापर्यंत खुपसला.

पुढच्या हिवाळ्यात त्या आल्या नाहीत. कॅनडात नोकरी लागली. फावडं आमच्या स्टोअररूममध्येच राहिलं. मी फोन केला. म्हटलं, "मॅडम, थर आता मला कळतात. मी खणू का खड्डे?"

"वर जाऊ नका, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही भातच करपवा."